सँडाउन ५०० मधले ५०० गेले कुठे?

मेलबर्नच्या आग्नेयेला, स्प्रिंगवेलमध्ये, घोड्यांच्या रेसकोर्सभोवती गुंडाळलेला ३.१ किलोमीटरचा डांबरी ट्रॅक आहे. नाव सँडाउन. ऑस्ट्रेलियन टूरिंग कारच्या (रस्त्यावरच्या मोटारींवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या) जुन्या प्रेक्षकासमोर ‘सँडाउन ५००’ म्हटलं की चित्र ठरलेलं असतं: सप्टेंबर महिना, एका गाडीत आळीपाळीने दोन ड्रायव्हर, सलग ५०० किलोमीटर, आणि तीन-चार आठवड्यांवर आलेलं बाथर्स्ट, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी, १००० किलोमीटरची शर्यत. पीटर ब्रॉकने ही शर्यत ९ वेळा जिंकली, त्यातल्या ७ ओळीने, १९७५ ते १९८१.

सँडाउन ५०० ही सुपरकार्स या ऑस्ट्रेलियाच्या मुख्य टूरिंग कार मालिकेतली शर्यत. २०२५ च्या मोसमात पाटी तीच राहिली. महिना मात्र नोव्हेंबर झाला, गाडीत ड्रायव्हर एकच उरला, आणि ५०० हा आकडा दोन दिवसांतल्या दोन शर्यतींच्या बेरजेतून आला. सप्टेंबरमधली दोन ड्रायव्हरांची खरी ५०० किलोमीटरची शर्यत साउथ ऑस्ट्रेलियात, टेलम बेंडच्या ट्रॅकवर गेली. तिचं नाव ‘द बेंड ५००’.

ही शर्यत पूर्वीही घर सोडून गेली आहे. १९९९ ते २००२ ती जागा क्वीन्सलंड रेसवेने घेतली, २००८ ते २०११ फिलिप आयलंडने. पण तेव्हा नावही बदललं होतं: क्वीन्सलंड ५००, फिलिप आयलंड ५००. तिकीट काढणाऱ्याला आपण काय बघायला चाललोय ते कळत होतं. २०२५ मध्ये माल दुसरीकडे गेला आणि दुकानाची पाटी जागेवर राहिली.

सुपरकार्स मालिकेवर चाहते जी कुरकुर करतात ती सगळी याच जातीची आहे. रेसिंग वाईट आहे असं फारसं कोणी म्हणत नाही. तक्रार ही की तारीख, अंतर आणि नियम या तिन्हींपैकी एकही गोष्ट दोन वर्षं सलग जागेवर राहत नाही, त्यामुळे या मोसमाची मागच्या मोसमाशी तुलना करायला हातात काही उरत नाही. क्रिकेटमध्ये कसोटी कधी पाच दिवसांची, कधी चार दिवसांची आणि कधी ‘दोन टी-ट्वेंटी मिळून एक कसोटी’ अशी झाली असती तर विक्रमांच्या वह्या ठेवणाऱ्यांचं जे झालं असतं, तेच इथे होतंय.

आधी रिकामं, मग धावपळ

२०२५ चं वेळापत्रक समोर ठेवून बोलू, म्हणजे हवेत बोलणं नको. सिडनी २१ ते २३ फेब्रुवारी. मेलबर्नला फॉर्म्युला वनच्या जोडीला १३ ते १६ मार्च. न्यूझीलंडमध्ये तौपो ११ ते १३ एप्रिल, टास्मानिया ९ ते ११ मे, पर्थ ६ ते ८ जून, डार्विन २० ते २२ जून, टाउन्सव्हिल ११ ते १३ जुलै, इप्सविच ८ ते १० ऑगस्ट, द बेंड १२ ते १४ सप्टेंबर, बाथर्स्ट ९ ते १२ ऑक्टोबर, गोल्ड कोस्ट २४ ते २६ ऑक्टोबर, सँडाउन १४ ते १६ नोव्हेंबर, अॅडलेड २७ ते ३० नोव्हेंबर.

आता अंतरं मोजा. मोसम सुरू झाल्यापासून पर्थ उरकेपर्यंत १५ आठवडे गेले आणि त्यात ५ वीकेंड झाले. मेलबर्न ते तौपो जवळपास चार आठवडे, तौपो ते टास्मानिया पुन्हा तेवढेच, टास्मानिया ते पर्थ पुन्हा तेवढेच. याउलट बाथर्स्टच्या गुरुवारपासून अॅडलेडच्या रविवारपर्यंत साडेसात आठवड्यांत ४ वीकेंड, आणि विजेता ठरतो तो याच भागात. मे महिन्यात एक रविवार सोडला तर टीव्हीवर काही नाही. नोव्हेंबरात मुलांच्या परीक्षा, लग्नाची आमंत्रणं आणि शर्यती सगळं एकदम. (ऑस्ट्रेलियातल्या शाळांचं वर्ष डिसेंबरात संपतं, त्यामुळे तिकडच्या घरांतही नोव्हेंबर काही मोकळा नसतो.)

हे असं का होतं, त्याची कारणं निव्वळ बेफिकिरीची नाहीत, हेही सांगायला हवं.

पहिलं कारण फुटबॉल. मार्चपासून सप्टेंबर अखेरपर्यंत देशाचा टीव्ही आणि वर्तमानपत्रांची मागची पानं एएफएल (ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल) आणि एनआरएल (रग्बी लीग) या दोन लीगच्या ताब्यात असतात. एएफएलची अंतिम लढत साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, एनआरएलची ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. त्या दोन्ही उरकल्या की बाथर्स्ट, आणि मग उन्हाळी क्रिकेट भरात यायच्या आत मोसम गुंडाळायचा. म्हणजे मोटर स्पोर्टला निवांत मिळणारी फट सहा-आठ आठवड्यांची. मोठे तीन-चार कार्यक्रम त्याच फटीत कोंबण्याचा मोह समजण्यासारखा आहे.

दुसरं कारण रस्ता. बहुतेक संघ मेलबर्नच्या किंवा ब्रिस्बेनच्या आसपास राहतात. तिथून पर्थला जायचं म्हणजे नलारबॉरचं वैराण मैदान ओलांडून तीन हजारांहून जास्त किलोमीटर ट्रक हाकायचा. पर्थहून डार्विन आणखी चार हजारांच्या घरात. म्हणून २०२५ मध्ये ते दोन वीकेंड दोन आठवड्यांच्या अंतराने जोडलेले होते: ट्रक पश्चिमेलाच असताना परस्पर उत्तरेला पाठवायचे आणि एक फेरा वाचवायचा. टास्मानियासाठी बास सामुद्रधुनी जहाजाने ओलांडावी लागते. न्यूझीलंडसाठी गाड्या, सुटे भाग, टायर आणि इंधनाची सामग्री यांचं सगळं बाडबिस्तर समुद्रापार न्यायचं आणि परत आणायचं. तौपोच्या आगेमागे दिसणाऱ्या रिकाम्या आठवड्यांचा बराचसा हिशेब इथे लागतो.

तिसरं कारण पैसा, आणि चाहत्यांचा खरा राग त्यावर आहे. बरेचसे वीकेंड राज्य सरकारांच्या पर्यटन खात्यांच्या पैशावर उभे असतात. डार्विनला जूनमध्ये कोरडा ऋतू, टाउन्सव्हिलला जुलैमध्ये सुखद थंडी. सरकारला पर्यटक तेव्हाच हवे असतात. सरकार बदललं की तारीख बदलते, कधी शर्यतच जाते. अॅडलेडचं उदाहरण सगळ्यात ठसठशीत आहे. जुन्या फॉर्म्युला वन मार्गाचा ३.२१९ किलोमीटरचा तुकडा घेऊन १९९९ मध्ये ही शर्यत सुरू झाली आणि वर्षानुवर्षं मोसमाची सलामी तिथेच व्हायची. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने ती बंद केल्याचं जाहीर केलं. विरोधी लेबर पक्षाच्या पीटर मॅलिनॉस्कस यांनी ती परत आणण्याचं वचन दिलं, मार्च २०२२ ची निवडणूक जिंकली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात शर्यत परतली. पण सलामी म्हणून नव्हे, समारोप म्हणून. प्रचाराच्या मुद्द्यात शिरलेली शर्यत! आपल्याकडे बैलगाडा शर्यतींच्या बंदीवर निवडणुकीची भाषणं ऐकलेल्यांना यात फार नवल वाटू नये.

न्यूकॅसल २०१७ ते २०१९ आणि मग २०२३ एवढंच झालं आणि संपलं. फिलिप आयलंडवर मुख्य मालिका शेवटची २०१९ मध्ये आली, विंटनवर २०२२ मध्ये. इप्सविचचा क्वीन्सलंड रेसवे २०१९ नंतर गायब झाला तो थेट २०२५ ला उगवला. न्यूझीलंडच्या पुकेकोही ट्रॅकवर मालिका शेवटची २०२२ मध्ये आली आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडला एकही वीकेंड मिळाला नाही. स्कॉट मॅकलॉकलिनची ३ विजेतेपदं आणि शेन व्हॅन गिस्बर्गनची ३, म्हणजे २०१६ ते २०२२ या सात मोसमांतली सहा न्यूझीलंडच्या ड्रायव्हरांनी मिळवलेली, आणि त्यांच्याच घरी शर्यत नाही.

शर्यत किती लांब असावी

वेळापत्रकापेक्षा जास्त डोकं खाणारा प्रश्न शर्यतीच्या स्वरूपाचा आहे, म्हणून इथे थोडं खोलात.

२०२४ मध्ये १२ वीकेंड आणि २४ शर्यती होत्या. हिशेब सरळ होता: मेलबर्नला चार, सँडाउन आणि बाथर्स्टला प्रत्येकी एक, बाकी सगळीकडे शनिवारी एक आणि रविवारी एक. २०२५ मध्ये वीकेंड १३ आणि शर्यती ३४. वाढलेल्या दहा शर्यती आल्या त्या मुख्यतः जिथे दोन होत्या तिथे तीन केल्यामुळे. ‘सुपर ४४०’ हे नाव त्यातूनच आलं: १२० अधिक १२० अधिक २०० किलोमीटर.

कागदावर प्रेक्षकाला एक शर्यत फुकट मिळाली. प्रत्यक्षात काय मिळालं ते टास्मानियाच्या सिमन्स प्लेन्सवर बघा. ट्रॅक २.४१ किलोमीटर, म्हणजे १२० किलोमीटर भरायला ५० लॅप. लॅपला पाऊण मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ धरला तर सगळं मिळून ४३-४४ मिनिटांचा खेळ. इंधन भरणं नाही. टायर बदलण्यासाठी एकदा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघाच्या जागेत, येणं सक्तीचं. आता यात एकदा सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवणारी गाडी) आली आणि पाच लॅप खाल्ले, तर दहा टक्के शर्यत मिरवणुकीत गेली. दोनदा आली तर विचारायलाच नको.

त्यात सक्तीच्या पिट स्टॉपची गंमत अशी. नवे टायर जुन्यांपेक्षा लॅपला समजा एक सेकंदाने वेगवान आहेत. पुढच्याच्या मागे दीड सेकंदावर अडकलेल्या ड्रायव्हरने ट्रॅकवर ओव्हरटेक करायला जाण्यात धोका आहे. त्यापेक्षा दोन लॅप आधी पिटमध्ये यायचं, नव्या टायरवर दोन सेकंद कमवायचे, आणि पुढचा बाहेर पडेल तेव्हा आपण त्याच्यापुढे. यालाच अंडरकट म्हणतात. सगळ्यांनाच हे ठाऊक असल्यामुळे छोट्या शर्यतीत जो तो लवकरच आत येतो, आणि उरलेला बराच वेळ त्याच क्रमाने गाड्या फिरतात. २०० किलोमीटरच्या शर्यतीत टायरची झीज खरी असते, लवकर आलेल्याला शेवटी त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून डाव-प्रतिडाव रंगतो. १२० मध्ये बिल येण्याच्या आतच हॉटेल बंद.

आणखी एक अडचण संघाच्या आतली. दोन गाड्यांच्या संघाला पिटमध्ये जागा एकच मिळते. सेफ्टी कार आली की सगळे एकदम आत धावतात, आणि संघातल्या मागच्या गाडीला पुढचीचे टायर बदलून होईपर्यंत रांगेत थांबावं लागतं. याला डबल स्टॅक म्हणतात. ड्रायव्हरची काहीही चूक नसताना दहा-बारा जागा जाऊ शकतात. ही भीती किती खरी आहे ते २०१९ च्या बाथर्स्टला दिसलं. सेफ्टी कारच्या वेळी डीजेआर टीम पेन्स्कीच्या दुसऱ्या गाडीने मागचा सगळा ताफा मुद्दाम धिमा केला, पुढच्या गाडीला मोकळा वेळ मिळाला, आणि संघाला २,५०,००० डॉलर दंड झाला. डबल स्टॅक टाळण्यासाठी जाणता संघ एवढी जोखीम घेतो, यातच सगळं आलं.

इंधनाच्या अटीने केलेला घोटाळा याहून शिकण्यासारखा आहे. अॅडलेडच्या २५० किलोमीटरच्या, ७८ लॅपच्या शर्यतीत किमान १४० लिटर इंधन पिटमध्ये भरलंच पाहिजे अशी अट होती. हेतू चांगला: कोणी इंधन वाचवत रेंगाळू नये, सगळ्यांनी पूर्ण जोराने गाडी हाणावी. २०१६ च्या रविवारी तिथे पाऊस आला, लाल झेंडा लागून शर्यत थांबली, वेळ संपत आली आणि शर्यत लॅपऐवजी घड्याळावर संपणार असं ठरलं. लॅप कमी झाले, १४० लिटरची अट मात्र जशीच्या तशी. पुढे असलेल्या बऱ्याच गाड्यांचा कोटा अपुरा होता. ज्या मोजक्यांनी तो वेळेत भरला होता त्यांत एका छोट्या संघाचा निक पर्कॅट होता आणि जिंकला तो. त्याच्या विजयात खोट काही नाही, त्याच्या संघाने नियम नीट वाचला होता. पण स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला शेवटपर्यंत कळत नव्हतं की पुढे नक्की कोण आहे.

दुरुस्ती अवघड नाही. १४० भागिले ७८ म्हणजे लॅपमागे जवळपास १.८ लिटर. शर्यत घड्याळावर जाणार असं जाहीर झालं की अपेक्षित लॅप गुणिले १.८ एवढीच अट ठेवायची आणि तो आकडा टीव्हीच्या पडद्यावर प्रत्येक गाडीच्या नावापुढे दाखवायचा. अमुक गाडीचे ३५ लिटर बाकी आहेत हे दिसलं की घरी बसलेला माणूसही गणित करू लागतो. खेळ गुंतागुंतीचा असला तरी चालतो, फक्त गुंता लपवलेला नको.

फसलेले प्रयोग

२००६ मध्ये उलट्या क्रमाचा ग्रिड (सुरुवातीला गाड्या उभ्या राहण्याचा क्रम) आणला: पहिल्या शर्यतीत मागे राहिलेला दुसऱ्या शर्यतीत पुढे. पुढच्या गाड्यांना मधून वाट काढताना टकरा व्हायच्या, पत्रा आणि पैसा दोन्ही जायचे. टिकला नाही.

२०१३ मध्ये ‘६०/६०’ आलं. शनिवारची १२० किलोमीटरची शर्यत मधोमध कापायची, १५ मिनिटं विश्रांती, मग उरलेले ६० किलोमीटर. फुटबॉलसारखा मध्यंतर. पण मोटर रेसमध्ये मिळवलेली आघाडीच खरी कमाई असते. मध्यंतरात गाड्या पुन्हा शेजारी-शेजारी उभ्या केल्या की पहिल्या अर्ध्या तासाचं मोल शून्य. पुढच्याच वर्षी गुंडाळलं.

२०२० चं उदाहरण वेगळं, कारण तिथे कोविडमुळे हात बांधलेले होते. डार्विन, टाउन्सव्हिल आणि टेलम बेंडला लागोपाठ दोन-दोन वीकेंड झाले. काही वीकेंडना कठीण आणि मऊ टायरची मोजकीच जोडी द्यायची, कुठली कधी वापरायची ते संघाने ठरवायचं, असा डाव होता. त्यातून सिडनीला जॅक ले ब्रॉकसारखा अनपेक्षित विजेता मिळाला. नेहमीचे लोक मऊ टायर रविवारसाठी राखून शनिवारी मुद्दाम मागे राहायचे, यावर नाकं मुरडली गेली. माझं मत: या सगळ्या प्रयोगांत हा एकच पुन्हा करून बघण्यासारखा होता, कारण यात शर्यत कापली नव्हती, फक्त निवड करायला लावली होती.

दहा, सात, चार

२०२५ चा सगळ्यात मोठा बदल म्हणजे फायनल्स. बाथर्स्टपर्यंतच्या २७ शर्यतींनंतर पहिले दहा ड्रायव्हर पुढे. गोल्ड कोस्टनंतर तीन बाद, सँडाउननंतर आणखी तीन बाद, अॅडलेडला चौघांत निकाल. फेब्रुवारी ते ऑक्टोबर जमवलेली आघाडी बोनसाच्या चिल्लरीत उरते आणि विजेता ठरतो तो शेवटच्या ७ शर्यतींत.

सातारा-सांगलीकडच्या बैलगाडा मैदानात गटातून सेमी, सेमीतून फायनल हे सगळ्यांना पाठ असतं आणि कोणाची तक्रार नसते, कारण ते सगळं एका दिवसात होतं आणि प्रत्येक गाडी त्याच मातीवर पळते. नऊ महिन्यांची मालिका आणि एका दिवसाचं मैदान यांना एकच माप लावलं की खटके उडतात.

आयोजकांची बाजू अशी की विजेता लवकर ठरला तर शेवटची शर्यत कोण बघणार? ते खोटं नाही. २०२२ मध्ये व्हॅन गिस्बर्गनने एका मोसमात २१ शर्यती जिंकल्या, विजेतेपद गोल्ड कोस्टलाच खिशात घातलं आणि नव्याने परतलेल्या अॅडलेडला औपचारिकता उरली. पण २०१७ ही आठवा. न्यूकॅसलची शेवटची शर्यत, जेमी व्हिंकप आणि मॅकलॉकलिन. शेवटच्या लॅपांत मॅकलॉकलिनचा क्रेग लाउंड्सशी संपर्क झाला, २५ सेकंदांची शिक्षा बसली आणि व्हिंकपने २१ गुणांनी सातवं विजेतेपद घेतलं. कुठल्याही बादफेरीशिवाय. नाट्य हुकमी मिळत नाही, म्हणून ते हुकमी बनवायला निघालं की २०२५ सारखं होतं: वर्षभर सगळ्यांत जास्त शर्यती जिंकलेल्या ब्रॉक फिनीची गाडी अॅडलेडच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्याच लॅपला टक्कर लागून मागे गेली, मग इंजिनानेही दगा दिला, आणि विजेतेपद चॅझ मोस्टर्टला मिळालं. मोस्टर्ट चांगलाच ड्रायव्हर आहे, त्याने काही चोरलं नाही. पण त्याच्या पहिल्या विजेतेपदाबद्दल बोलताना लोक ‘पण’ने वाक्य सुरू करतात, ही त्याच्यावरही अन्यायाची गोष्ट.

यात आणखी एक तांत्रिक खोट आहे. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात बाद झालेला संघ मैदानावर नसतो. इथे बाद झालेले सगळे त्याच ट्रॅकवर, त्याच शर्यतीत, पूर्ण वेगाने पळत असतात. त्यांच्याजवळ गमावण्यासारखं काही नाही, आणि चौघांपैकी कोणाचा तरी संघसोबती त्यांच्यात असतोच. हेतूवर शंका घ्यायची गरज नाही. रचनाच शंकेला जागा करून देते.

आयपीएलने याचं उत्तर बऱ्यापैकी काढलं आहे. २०११ पासून साखळीतल्या पहिल्या दोघांना एक सामना हरला तरी दुसरी संधी मिळते. साखळीत मेहनत केल्याचं काहीतरी पदरात पडतं. सुपरकार्समध्ये त्याचा अनुवाद सोपा आहे: बाथर्स्टनंतर पहिल्या आलेल्याला थेट अॅडलेडची जागा द्या, किंवा फायनल्सच्या सातांपैकी प्रत्येकाचा एक वाईट निकाल वगळा. मोटर रेसमध्ये तुटलेला एक पुर्जा हा क्रिकेटमधल्या शून्यासारखा नसतो. फलंदाज स्वतःच्या चुकीने बाद होतो, गिअरबॉक्स तसा होत नाही.

ज्याला कोणी हात लावत नाही

बाथर्स्टबद्दल यातली एकही तक्रार ऐकू येत नाही. ६.२१३ किलोमीटरचा माउंट पॅनोरामा, १६१ लॅप, १००० किलोमीटर, दोन ड्रायव्हर. १९६३ पासून डोंगर तोच, १९७३ पासून अंतर तेच, टॉप टेन शूटआउट (पुढच्या दहा गाड्यांचा सुरुवातीचा क्रम ठरवणारी, एकेकट्याने पळायची फेरी) १९७८ पासून. २०१४ मध्ये डांबर उखडलं, शर्यत थांबवून रस्ता दुरुस्त करावा लागला आणि विजेता ७ तास ५८ मिनिटांनी आला. २०२४ मध्ये सेफ्टी कार एकदाच आली आणि ब्रोडी कॉस्टेकी व टॉड हेझलवुड ५ तास ५८ मिनिटांत पोचले. त्याच शर्यतीत दोन तासांचा फरक, आणि तरी दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाद घालता येतो, कारण मोजपट्टी एकच आहे.

तिथेही एकदा हात लावून झालाय. १९९७ आणि १९९८ मध्ये टीव्हीच्या भांडणापायी दोन-दोन बाथर्स्ट झाली, एक छोट्या इंजिनाच्या सुपर टूरिंग गाड्यांची आणि एक व्ही-८ वाल्यांची, म्हणजे आजच्या सुपरकार्सच्या तेव्हाच्या रूपाची. १९९७ मध्ये त्यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर होतं. १९९९ पासून एकच राहिली आणि ती मुख्य मालिकेच्या गुणांतही धरली जाऊ लागली.

भारतातून बघणाऱ्यांसाठी घड्याळ

भारतातून बघायचं तर मालिकेची स्वतःची, पैसे भरून घ्यायची सुपरव्ह्यू ही सेवा आहे. खरा त्रास वेळेचा, कारण देश एक असला तरी घड्याळं पाच-सहा, आणि त्यातली काही वर्षातून दोनदा सरकतात.

पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, बारा महिने. डार्विन चार तास, बारा महिने. क्वीन्सलंड, म्हणजे टाउन्सव्हिल, इप्सविच आणि गोल्ड कोस्ट, साडेचार तास, बारा महिने, कारण ते राज्य उन्हाळ्यात घड्याळ हलवत नाही. सिडनी, बाथर्स्ट, मेलबर्न आणि टास्मानिया थंडीत साडेचार तास पुढे, पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच. साउथ ऑस्ट्रेलियाचंही तसंच: द बेंड सप्टेंबरात असेल तर चार तास, अॅडलेड नोव्हेंबरात असेल तर पाच. तौपो एप्रिलच्या मध्यात साडेसहा तास.

फसगत हमखास होते ती ऑक्टोबरात. बाथर्स्टला सकाळी साडेअकराची सुरुवात म्हणजे आपले सहा वाजले. चहा करून बसायचं, जेवणाच्या वेळेपर्यंत निकाल हातात. दोन आठवड्यांनी गोल्ड कोस्टला तोच साडेपाचाचा हिशेब लावला की शर्यत सुरू व्हायच्या तासभर आधीच माणूस टीव्हीसमोर येऊन बसतो. आणि नोव्हेंबरात सँडाउनला गोल्ड कोस्टचा साडेचाराचा हिशेब चालू ठेवला तर उलटं होतं: टीव्ही लावेपर्यंत पिट स्टॉप होऊन गेलेले असतात.